सांगलीतील आठ शनिवारांचा शास्त्राभ्यास वर्ग: तारणाची शाश्वती आणि समृद्धीची शिकवण

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका सभागृहात गेल्या वर्षी दसऱ्यानंतर सुरू होऊन नाताळापूर्वी संपलेला आठ शनिवारांचा शास्त्राभ्यास (बायबलच्या अभ्यासाचा) वर्ग मी एकही दिवस न चुकवता केला. तिथे नेमके काय शिकवतात, आपण जावे का, असे आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) बऱ्याच जणांनी विचारल्यामुळे हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. हा वर्ग कोणत्याही एका मंडळीच्या नावाने चालत नाही; सर्व पंथांच्या लोकांना संकोच न बाळगता येता यावे म्हणून चालवणाऱ्यांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे आणि मला ती योग्य वाटते. वेळ सायंकाळी ६ ते ८, शुल्क ३०० रुपये, त्यात टिपणांची वही आणि मधल्या सुटीतला चहा. विषय दोनच होते. ख्रिस्तावर विश्वास ठेवून एकदा मिळालेले तारण, म्हणजे पापातून झालेली सुटका, माणूस पुन्हा गमावू शकतो का, हा पहिला. आणि विश्वास खरा असेल तर पैसाअडका, धंद्यात बरकत आणि निरोगी शरीर मिळणारच असे पवित्र शास्त्र सांगते का, हा दुसरा.

हे दोन विषय एकाच वर्गात कशासाठी घातले असतील, असा प्रश्न काही जणांना पडला होता. मला तो पडला नाही, कारण आमच्या घरात हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडून आले होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराआधी काही महिने माझ्या सासूबाई एका फिरत्या प्रचारकाच्या सभांना जाऊ लागल्या होत्या. माझे धाकटे दीर एकेकाळी तरुण संघाचे सेक्रेटरी होते. बाप्तिस्मा झालेला, प्रभुभोजनाला कधी न चुकणारे, नाताळच्या गायनात पुढे असणारे. पण गेली कित्येक वर्षे ते मंडळीत पाऊल टाकत नाहीत आणि घरात प्रार्थना सुरू झाली की उठून बाहेर जातात. त्यांनी परत यावे आणि घराला कसलीही झळ लागू नये यासाठी ‘बीज’ पेरा, असे सासूबाईंना सांगण्यात आले. त्यांनी हातातली एक पाटली मोडून १८,००० रुपये दिले आणि प्रार्थना केलेल्या तेलाची एक लहान बाटली घेऊन त्या घरी आल्या. ते तेल त्यांनी दाराच्या चौकटीला लावले. पुढे कृष्णेचे पाणी चढले आणि आम्ही नेसत्या वस्त्रानिशी घर सोडले. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा चौकटीच्या वर हातभर उंचीवर गाळाची रेघ उमटलेली होती. ती बाटली कोनाड्यात होती तशीच उभी होती, झाकण घट्ट, आत तेल तेवढेच, आणि तिच्याभोवती कोनाडाभर चिखल साचलेला. सासूबाईंनी त्या प्रचारकाला फोन केला. उत्तर मिळाले की बीज पेरताना मनात शंका असेल. आणि ज्या घरातला मुलगा असा भरकटतो त्या घरात तारण झाले होते की नाही, हेच आधी तपासून पाहा. पाटली गेली याचे त्यांना दुःख नाही. पण त्या दिवसापासून त्या मध्यरात्री उठून बसतात आणि “माझं तारण झालंय ना गं खरंच?” म्हणून मला विचारतात. या एका वाक्याचे उत्तर मला देता येत नव्हते, म्हणून मी वर्गाला नाव घातले.

वर्ग घेणारे गृहस्थ ईश्वरविज्ञानाचे निवृत्त शिक्षक आहेत. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली, पण दोन तास उभे राहून शिकवतात. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांची पद्धत मला फार आवडली. फळ्यावर दोन उताऱ्यांचे संदर्भ लिहायचे, ते उपस्थितांपैकी कोणीतरी मोठ्याने वाचायचे, आणि पुढचा अर्धा तास कोणीही आपले मत सांगायचे नाही. फक्त प्रश्न विचारायचे: हे कोण कोणाला लिहितो आहे, आधीच्या वचनात काय आहे, ‘तुम्ही’ म्हणजे कोण. चाळीसेक माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक बायका, आणि अर्धा तास कोणी मत देत नाही, हे दृश्य आपल्याकडच्या सभांमध्ये मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

पहिल्या शनिवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय आणि इब्री लोकांस पत्राचा ६ वा अध्याय शेजारी शेजारी वाचले. एकीकडे येशू म्हणतो की माझ्या मेंढरांना मी सार्वकालिक जीवन देतो, त्यांचा कधीही नाश होणार नाही, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. दुसरीकडे पत्रलेखक म्हणतो की ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते जर पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे. दोन्ही वाक्ये एकाच शास्त्रात आहेत आणि दोन्हींचा अर्थ लावण्यात ख्रिस्ती लोक शतकानुशतके भांडत आले आहेत. सरांनी त्या दिवशी निकाल दिला नाही. त्यांनी फक्त एवढेच दाखवले की आपण प्रत्येक जण यांतला एक उतारा पाठ करून ठेवतो आणि दुसऱ्यावरून घाईने पुढे जातो.

माझे बालपण प्रोटेस्टंटांच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत गेले. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले आणि १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. माझे आजोबा त्या रुग्णालयात वॉर्डात काम करीत. ‘देवाने धरलेलं बोट देव सोडत नाही’ हे त्यांचे वाक्य मी तारणाच्या शाश्वतीची पूर्ण शिकवण समजत होते. दुसऱ्या शनिवारी सरांनी १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारातील (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यातील) १७ वा आणि १८ वा अध्याय मराठीत समजावून सांगितला, तेव्हा माझी समजूत किती अर्धवट होती ते कळले. ‘एकदा तारण, सदा तारण’ हे घोषवाक्य पुष्कळ ठिकाणी असे वापरले जाते की सभेत हात वर केला, कार्डावर सही केली, आता पुढे कसेही जगा. १७ वा अध्याय तसे म्हणत नाही. ज्यांना देवाने खरोखर बोलावले ते शेवटपर्यंत टिकतील, कारण देव त्यांना टिकवतो. ते गंभीर पापात पडू शकतात, काही काळ त्यात राहूही शकतात, आणि त्यामुळे देवाची नाराजी ओढवून घेतात व आपल्या समाधानाचा काही भाग गमावतात, असे तो सांगतो. दावीद आणि पेत्र ही नावे त्या ठिकाणी आपोआप आठवतात. १८ वा अध्याय तर मी वहीत अधोरेखित करून ठेवला आहे. खरा विश्वास असलेल्या माणसालाही तारणाची खात्री मिळण्यासाठी दीर्घ काळ वाट पाहावी लागू शकते, अनेक अडचणींशी झुंजावे लागू शकते, आणि मिळालेली खात्री मध्येच डळमळूही शकते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तारण असणे आणि तारणाची खात्री वाटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मध्यरात्री उठून बसणाऱ्या बाईचे तारण झालेले नाही, असे तिच्या जागरणावरून कोणालाही म्हणता येत नाही. ही एक गोष्ट कळण्यासाठीसुद्धा मी ३०० रुपये आनंदाने दिले असते.

तिसऱ्या शनिवारची चर्चा मला शब्दशः आठवते. हरिपूरचे एक काका वर्गाला येत. त्यांचा जन्म हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेला. इफिसकरांस पत्रात विश्वासणाऱ्यांवर पवित्र आत्म्याचा शिक्का मारला आहे असे वचन निघाले, तेव्हा ते उठून म्हणाले, “सर, आमच्याकडं पेवात हळद भरून तोंड लिंपलं की आत कीड जगत नाही. हवाच नसते. वर्षानुवर्षं हळदीचा रंग जात नाही. मला तो शिक्का तसाच वाटतो.” हरिपूरची जमिनीखालची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही उपमा किती चपखल आहे हे सांगायला नको, उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, इतके ते तोंड पक्के बंद असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून एका बाईंनी हळूच विचारले, “काका, २००५ च्या पुरात काय झालं मग?” काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पाणी शिरलं. आमच्या मालकांचीही हळद गेली.”

सरांनी ही उपमा सोडून दिली नाही, तिच्यावरच पुढचा तास घेतला. पूर म्हणजे बाहेरचे संकट असेल, तर रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय उत्तर देतो: मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला ख्रिस्तातील प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही. पण समजा, बाहेरून कोणी तोंड फोडले नाही, आत असलेल्यानेच ते आतून उघडले, तर? योहान १० मधल्या ‘कोणी हिसकावून घेणार नाही’ या शब्दांत ते मेंढरू स्वतः धरले आहे का? सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनची परंपरा (आम्ही प्रेस्बिटेरियन तिच्यातलेच) म्हणते की धरले आहे, कारण त्याच वाक्यात ‘कधीही नाश होणार नाही’ असे निरपवाद वचन आहे, आणि जे कायमचे निघून गेले ते मुळात आपल्यातले नव्हतेच असे योहानाच्या पहिल्या पत्राचा २ रा अध्याय सांगतो. डच ईश्वरविज्ञानी आर्मिनियस आणि मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांच्या परंपरेतले म्हणतात की हिसकावणे वेगळे आणि आपणहून निघून जाणे वेगळे. नाहीतर इब्री लोकांस पत्रातला इशारा, योहान १५ मधली तोडून टाकलेली फांदी आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा २ रा अध्याय हे सारे कोणासाठी लिहिले? सगळा वाद या एका बारीक जागी येऊन थांबतो. मी चाळीस वर्षे उपदेश ऐकते आहे; ही जागा मला कोणी बोट ठेवून दाखवली नव्हती.

इतिहासाचा भाग त्यानंतर आला आणि म्हणूनच तो कोरडा वाटला नाही. आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले, तेव्हा शेवटच्या कलमात त्यांनी पतनाचा प्रश्न शास्त्रातून अधिक तपासला पाहिजे असे म्हणून मोकळाच ठेवला होता, आणि १६१८-१९ च्या नेदरलँड्समधील डॉर्ट येथील धर्मसभेने त्याच कलमावर ठाम उत्तर दिले. वेस्ली यांनी १७५१ मध्ये या विषयावर पुस्तिका लिहून विश्वासणारा पतन पावू शकतो असे प्रतिपादन केले. त्यांचे जुने सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्व्हिनच्या बाजूचे. कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे का, या पूर्वनियोजनाच्या प्रश्नावरून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरीही १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपदेश केला तो वेस्ली यांनीच. आपल्याकडे मतभेदावरून मंडळ्या फुटतात आणि माणसे एकमेकांच्या मातीलाही जात नाहीत, त्यामुळे ही घटना ऐकताना मला गहिवरून आले.

उपस्थितांमध्ये मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) एक सेवानिवृत्त अधिकारी होते. त्यांनी त्यांच्या ११ सिद्धांतांतला ९ वा सांगितला: तारणाच्या स्थितीत टिकून राहणे हे ख्रिस्तावरील सतत आज्ञाधारक विश्वासावर अवलंबून आहे. वसईकडून लग्न होऊन मिरजेत आलेल्या एक रोमन कॅथलिक ताई होत्या. त्यांनी सांगितले की त्यांच्या मंडळीत, १५४७ च्या ट्रेंटच्या धर्मसभेप्रमाणे, विशेष प्रकटीकरणाशिवाय आपण शेवटपर्यंत टिकूच अशी अढळ खात्री कोणी धरू नये असे शिकवतात, आणि गंभीर पापाने गमावलेली कृपा पापनिवेदनाच्या संस्काराने परत मिळते. “म्हणजे आमच्याकडं परतीचा रस्ता ठरलेला आहे,” असे त्या म्हणाल्या. मला त्यांची बाजू शास्त्रातून पटली नाही, पण तो रस्ता त्यांना किती जवळचा आहे हे त्यांच्या बोलण्यातून कळत होते.

इथे वर्गाचा पहिला मोठा दोष सांगितला पाहिजे. सर स्वतः कॅल्व्हिनच्या परंपरेतले आहेत आणि त्यांनी ते लपवले नाही. पण चार शनिवारांपैकी वेस्लीच्या बाजूला जेमतेम एक तास मिळाला. तोही सरांनीच घेतला. त्या बाजूचा अभ्यासू माणूस बोलावून त्याच्या तोंडून ती ऐकवली असती, तर फार बरे झाले असते. स्वतःचा विरोधक स्वतःच उभा करून त्याला उत्तर देणे कितीही प्रामाणिकपणे केले तरी अपुरे पडते. अभिप्रायाच्या कागदावर मी हे लिहून दिले आहे.

पाचव्या शनिवारपासून दुसरा विषय सुरू झाला आणि गर्दी वाढली. या शिकवणीचा उगम सरांनी थोडक्यात सांगितला: अमेरिकेतील ई. डब्ल्यू. केनियन, त्यानंतर केनेथ हेगिन, आणि ‘बीजरूपी विश्वासा’ची भाषा रूढ करणारे ओरल रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांनी ज्या वचनावर आपली उभारणी केली ते योहानाच्या तिसऱ्या पत्राचे २ रे वचन. तुझ्या जिवाची उन्नती होते आहे तशी सर्व बाबतीत तुझी उन्नती व्हावी व तुला आरोग्य लाभावे, अशी प्रार्थना योहान करतो. सरांनी विचारले, हे वाक्य पत्रात कुठे आले आहे? ज्याला पत्र लिहिले त्या गायसच्या नावानंतर लगेच. मग त्यांनी आपल्या जुन्या पत्रांची आठवण करून दिली: ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’ पत्राच्या आरंभी आपुलकीने विचारपूस करणारे वाक्य घेऊन त्यातून देवाचा सार्वत्रिक करार काढता येत नाही. एवढे साधे उदाहरण, पण माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी ते तिथेच वहीत उतरवून घेतले.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे सहाव्या शनिवारी मलाखीचा ३ रा अध्याय निघाला तेव्हा मी विशेष लक्ष देऊन ऐकले. दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही याची प्रतीती पाहा, हे वचन प्रत्येक अर्पणाच्या वेळी ऐकवले जाते. सरांनी विचारले की ते भांडार कोणासाठी होते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात उत्तर आहे: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (उपासनेची सेवा करणारे), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे म्हणून साठवायचा. म्हणजे विधवेच्या हातची पाटली मोडून भरायचे ते भांडार नव्हे. ज्यातून तिला द्यायचे, ते भांडार. माझ्या सासूबाई विधवा आहेत. मी त्या क्षणी वहीत काही लिहू शकले नाही.

मार्काच्या १० व्या अध्यायातील ‘शंभरपट’ या शब्दाबद्दलही असेच. घरे, भाऊ, बहिणी, शेते शंभरपटीने मिळतील हे सांगणारे वचन सगळ्यांना पाठ असते, पण त्याच यादीत ‘छळणूक’ हा शब्द आहे, तो वाचताना आवाज खाली जातो. आणि ती घरे व त्या आया म्हणजे मंडळीतले लोक, हे प्रेषितांची कृत्ये वाचली की कळते. आजाराबद्दल बोलताना सरांनी फक्त तीन नावे फळ्यावर लिहिली: मरणाच्या दारी पोचलेला एपफ्रदीत, मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवलेला त्रफिम, आणि पोटाच्या दुखण्याने वारंवार हैराण होणारा तीमथ्य. तिघेही पौलाचे सोबती होते, आणि पौल त्यांपैकी कोणाच्याही विश्वासाला दोष देत नाही.

या सगळ्याला सर्वांत मोलाचे उत्तर मिळाले ते एका भाजी विकणाऱ्या मावशींकडून. त्या समृद्धीची शिकवण देणाऱ्या मंडळीत जातात. दोन तास ऐकून घेतल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणता ते पुस्तकात असेल. पण तुमच्या देवळात मी गेले तेव्हा मला मागं बसवलं. त्या मंडळीत माझ्या नवऱ्यासाठी चाळीस दिवस प्रार्थना केली, तो दारू सोडून कामाला लागला, आता आमचा स्वतःचा हातगाडा आहे. मला तिथंच पहिल्यांदा कोणी सांगितलं की देवाला माझं बरं व्हावं असं वाटतं. ते खोटं म्हणू?” सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सरांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग त्यांनी आधी मागे बसवल्याबद्दल सर्वांच्या वतीने क्षमा मागितली. त्यानंतर ते म्हणाले की नवरा दारू सोडतो आणि घरात भाकरी येते, ही देवाची देणगीच आहे, तिला कोणी खोटे म्हणू नये. आपले आजे-पणजे मिशनच्या शाळेत शिकले, दवाखान्यात नोकरीला लागले, त्यांचीही परिस्थिती सुधारलीच, आणि दारिद्र्य पवित्र आहे असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. “पण मावशी, उद्या गाडा चोरीला गेला तर तुमचा विश्वास कमी होता असं ते म्हणतील का?” मावशी म्हणाल्या, “म्हणतील.” आणि त्या खाली बसल्या. त्यांनी आपली मंडळी सोडलेली नाही, पुढचे दोन्ही शनिवार त्या आल्या, आणि शेवटच्या दिवशी चहा वाटायला त्याच पुढे होत्या.

माझा स्वतःचा एक गैरसमजही इथे दूर झाला. पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारे पंथ) म्हटले की समृद्धीची शिकवण आलीच, असे मी धरून चालले होते. वर्गात असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाच्या मंडळीतला एक तरुण होता. त्याने दाखवून दिले की त्यांच्या अमेरिकेतील संस्थेने १९८० मध्येच, तोंडाने बोलून हवे ते मिळवण्याच्या शिकवणीविरुद्ध अधिकृत निवेदन काढले आहे. आणि बिनशर्त शाश्वतीची शिकवणही ती संस्था मान्य करीत नाही. खुद्द हेगिन यांनी २००० मध्ये, पैशाबाबतच्या अतिरेकाविरुद्ध अनुयायांना सावध करणारे पुस्तक लिहिले होते, हेही तेव्हाच कळले. सरांनी त्यात भर घातली की आफ्रिकेतील ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांनी लोझान या जागतिक सुवार्तिक चळवळीच्या वतीने २००८ आणि २००९ मध्ये घानातील अक्रोपाँग येथे जमून या शिकवणीची कठोर चिकित्सा केली. गरिबांमध्ये राहणाऱ्यांनी केलेली ती चिकित्सा आहे, म्हणून तिचे वजन मला अधिक वाटते.

सातव्या शनिवारी साताऱ्याचा विषय निघाला आणि सर पहिल्यांदाच भावुक झाले. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये ते वारले. बांधलेला पगार सोडून देणाऱ्या माणसाला आपल्या मराठी मंडळीने कवी म्हणून डोक्यावर घेतले, पण त्या शेवटच्या दोन वर्षांचा अर्थ कधी नीट विचारात घेतला नाही, असे सर म्हणाले. हा भाग टिपणांच्या वहीत नाही. तो असायला हवा होता.

दुसरा मोठा दोष ‘अनुवाद’ पुस्तकाच्या २८ व्या अध्यायाबाबतचा. आज्ञा पाळल्यास शेतात आशीर्वाद, टोपलीत आशीर्वाद, गुराढोरांत आशीर्वाद, असे तो अध्याय स्पष्ट शब्दांत सांगतो, आणि समृद्धीची शिकवण देणाऱ्यांचा खरा आधार योहानाच्या तिसऱ्या पत्रापेक्षा हाच आहे. इस्राएल राष्ट्राशी केलेला करार नव्या करारातल्या मंडळीला जसाच्या तसा लागू होतो का, हा सर्वांत कठीण प्रश्न. आणि तो शेवटच्या शनिवारी, साडेसात वाजून गेल्यावर, वीस मिनिटांत उरकला. गलतीकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात अब्राहामाचा आशीर्वाद म्हणजे आत्म्याचे वचन असे म्हटले आहे, एवढे सांगून सर थांबले. असेंब्लीज ऑफ गॉडच्या त्या तरुणाचे आणखी प्रश्न होते, ते तसेच राहिले. एक पूर्ण शनिवार या अध्यायाला द्यावा.

मात्र शेवटच्या दहा मिनिटांत सरांनी दोन्ही विषय ज्या धाग्याने बांधले, त्यासाठी आठही शनिवार सार्थकी लागले असे मला वाटते. त्यांनी विचारले, “देव आपल्या बाजूने आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?” कोणी बँकेच्या पासबुकावरून ओळखतो, कोणी पंचवीस वर्षांपूर्वी सभेत वर केलेल्या हातावरून, कोणी स्वतःच्या पापाच्या रोजच्या हिशेबावरून. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाचे मित्र त्या राखेवरून ओळखत होते, आणि चुकत होते. माझ्या सासूबाईंना चौकटीच्या वरची गाळाची रेघ दाखवून कोणीतरी त्यांचे तारण मोजले होते. मी अजूनही आजोबांच्याच बाजूची आहे. देव धरलेले सोडत नाही असेच मी मानते. पण इब्री लोकांस पत्रातला इशारा आता मी वगळून वाचत नाही. तो वाटेवरचा धोक्याचा फलक आहे आणि तो वाचूनच माणसे सुखरूप पोचतात, हे सरांचे म्हणणे मला पटले आहे. धाकट्या दिरांचे तारण झाले आहे की नाही, याचा निकाल त्यांची कथा संपण्यापूर्वी मी देणार नाही.

सोयींबद्दल थोडेसे. टिपणांची वही मजकुराने उत्तम आहे, पण अक्षर इतके बारीक की साठीपुढच्या माणसांना भिंगाशिवाय वाचता येत नाही. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आणि पाठीला त्रास देणाऱ्या. मागच्या तीन रांगांना फळा दिसत नाही. ८ ची वेळ प्रत्यक्षात साडेआठपर्यंत लांबते, त्यामुळे तासगाव किंवा कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांनी परतीच्या एसटीची चौकशी करूनच यावे. अर्पणाची थाळी आठही दिवसांत एकदाही फिरली नाही, आणि जमलेल्या शुल्काचा व खर्चाचा हिशेब शेवटच्या दिवशी दारावर लावला होता. तो मी सवयीने तपासला, पैशापैशाने जुळतो. ज्यांना आपलेच मत पुन्हा ऐकायचे आहे त्यांनी येऊ नये. ज्यांच्या घरात या दोनपैकी एखाद्या प्रश्नाने झोप उडवली आहे, त्यांनी जरूर यावे, शक्यतो घरातल्या माणसाला बरोबर घेऊन.

पुढचा वर्ग उपासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) सुरू होत आहे. मी सासूबाईंचे नाव दिले आहे. त्यांना गुडघ्यामुळे फार वेळ एका जागी बसवत नाही, म्हणून पहिल्या रांगेत, दाराजवळची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवाल का, असे मी विचारले, तेव्हा चहा वाटणाऱ्या त्या मावशींनीच “माझ्या शेजारी ठेवते,” म्हणून सांगितले.